मिनिटर ६ : गावोगावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलांचा पेजर, आणि त्याच्या मागचा वायरलेस

अमेरिकेत आग विझवायला धावणारे बहुसंख्य लोक पगारी नाहीत. एनएफपीए या अग्निसुरक्षेच्या अमेरिकी संस्थेच्या २०२० च्या आकड्यांनुसार देशातल्या सुमारे १० लाख ४१ हजार अग्निशमन जवानांपैकी जवळपास ६ लाख ७७ हजार, म्हणजे शंभरातले पासष्ट, स्वयंसेवक होते. कोणी शेती करतो, कोणी शाळेत शिकवतो, कोणी गॅरेज चालवतो. बंब केंद्रात उभा असतो आणि माणसं गावभर पांगलेली असतात. वर्दी, म्हणजे आगीची खबर, आली की ती या सगळ्यांच्या कानावर एकाच क्षणी पडायला हवी. मोटोरोलाचा मिनिटर ६ याच कामासाठी बनवलेला पेजर आहे. न्यू जर्सी, पेन्सिल्व्हेनिया, इलिनॉयसारख्या राज्यांत गावच्या दलात नाव नोंदवलेल्या मराठी माणसाच्या हातात बहुधा हाच किंवा याच्याच घराण्यातला पेजर पहिल्या आठवड्यात पडतो.

मत आधीच सांगतो. तुमच्या काऊंटीची (जिल्ह्याची) वर्दी अजून व्हीएचएफ किंवा यूएचएफ या रेडिओपट्ट्यांवर ॲनालॉग पद्धतीने जात असेल तर हा पेजर निर्धास्त घ्या. वर्दी पी२५ या डिजिटल रेडिओ-पद्धतीवर गेली असेल तर हा तुमच्या कामाचा नाही. युनिकेशन कंपनीचा जी४ किंवा जी५ पेजर बघा. मोबाईलवरचं ॲप दोन्हींच्या जोडीला ठेवा, पण त्यांच्याऐवजी नको. आता मिनिटर ७ सुद्धा बाजारात आहे. सुरांचं तंत्र तेच असल्यामुळे खालचं बहुतेक सगळं त्यालाही लागू पडतं.

दोन सुरांची दवंडी

डिस्पॅचर, म्हणजे नियंत्रण कक्षातून वर्दी देणारा माणूस, बटण दाबतो तेव्हा डोंगरावरच्या ट्रान्समीटरमधून आधी एक सूर एक सेकंद वाजतो आणि त्याला लागून दुसरा सूर तीन सेकंद वाजतो. प्रत्येक दलाची सुरांची जोडी ठरलेली असते. समजा तुमची जोडी ६००.९ आणि ८७९.० हर्ट्झ आहे. पेजर दिवसभर मुका राहून ऐकत असतो. नेमकी ही जोडी, नेमक्या याच क्रमाने आली की तो वाजतो किंवा थरथरतो, स्पीकर उघडतो आणि डिस्पॅचरचं बोलणं ऐकवतो: पत्ता काय, काय पेटलंय, कोणकोणते बंब निघायचेत. सगळ्यांना एकदम उठवायचं असेल तर एकच सूर आठ सेकंद लांबवतात.

या पद्धतीची ताकद दवंडीसारखी आहे. ऐकणारे पाच असोत की पाचशे, हवेत जाणारा वेळ तेवढाच. मधे कुठला सर्व्हर नाही, सिमकार्ड नाही, कोणाचा मासिक प्लॅन नाही. ट्रान्समीटर, त्याची बॅटरी आणि जनरेटर धड असला की वर्दी पोचते. वादळात मोबाईलचे टॉवर एकेक करून बंद पडतात, तेव्हा हा फरक प्रकर्षाने जाणवतो.

मिनिटर ६ मध्ये पाच चॅनेलपर्यंतचं मॉडेल मिळतं, छोटा पडदा आहे, आणि १६ मिनिटांपर्यंतचं बोलणं तो साठवून ठेवतो. हे साठवणं म्हणजे शोभेची सोय नव्हे. पहाटे तीनला झोपेतून उठलेल्या माणसाला पत्ता पहिल्या फटक्यात कळत नाही. बूट चढवता चढवता तो पुन्हा ऐकता आला की रेडिओवर ‘पत्ता परत सांगा’ म्हणून चॅनेल अडवावं लागत नाही. धूळ-पाण्यापासून संरक्षणाचं मानांकन आयपी५६ आहे, म्हणजे पावसात आणि पाण्याच्या फवाऱ्यात चालेल, पण विहिरीत पडला तर चालणार नाही. स्फोटक वायूच्या ठिकाणी वापरता येईल असा वेगळा प्रकार मिळतो. तुमच्या हद्दीत गॅसचे डेपो किंवा धान्याचे मोठे सायलो असतील तर तोच मागवा. साध्या प्रकारापेक्षा महाग पडतो, पण तिथे काटकसर करू नये.

प्रोग्रॅमिंग: तक्रारी इथेच जन्माला येतात

‘पेजर वाजलाच नाही’ ही तक्रार आली की लोक पेजरला दोष देतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोष त्यात भरलेल्या सेटिंगमध्ये किंवा डिस्पॅचच्या पद्धतीत निघतो.

पहिली गोष्ट सुरांची रांग. एका दलाची जोडी वाजवायला चार सेकंद लागतात. मोठ्या आगीत सहा दलं बोलवायची तर २४ सेकंद नुसते सूर, वर मधले विराम. ज्या दलाची जोडी सर्वांत आधी वाजली त्यांचा पेजर उघडा राहून उरलेल्या पाच जोड्या ऐकत बसतो, मग पत्ता येतो. पेजर ठरावीक सेकंदांनी आपोआप गप्प होईल असं सेटिंग असेल आणि ते सेकंद कमी पडले, तर पत्ता यायच्या आतच तो मिटतो. डिस्पॅचर सूर वाजवून क्षणभर माईक सोडत असेल, आणि पेजर ‘सिग्नल गेला की गप्प हो’ या सेटिंगवर असेल, तरीही परिणाम तोच: वाजला, पण बोललाच नाही. म्हणून काऊंटीतली सर्वांत लांब रांग किती सेकंदांची होते ते आधी घड्याळ लावून मोजा आणि त्यात पुरेशी भर घालून वेळ ठेवा. शंका असेल तर माणसाने बटण दाबेपर्यंत उघडा राहू द्या. थोडी बडबड ऐकावी लागेल, पण पत्ता चुकणार नाही.

दुसरी गोष्ट खोटी वर्दी. रांगेतल्या एका जोडीचा दुसरा सूर आणि लगेच पुढच्या जोडीचा पहिला सूर मिळून तिसऱ्याच दलाची जोडी तयार होऊ शकते. पहिल्या दलाची जोडी ३४९.० आणि ६००.९, दुसऱ्याची ७८८.५ आणि ४३३.७ असेल, आणि काऊंटीत कुठेतरी ६००.९ आणि ७८८.५ अशी जोडी तिसऱ्या कोणाला दिलेली असेल, तर या दोघांना एकामागोमाग बोलावलं की तिसरा फुकट उठण्याची शक्यता असते. रात्री-अपरात्री असं दोन-तीनदा झालं की लोक पेजरचा आवाज कमी करायला लागतात, आणि मग खरी वर्दी हुकते. जोड्या वाटताना हा ताळा कागदावर करून बघावा. नवीन दलाला जोडी देताना तर नक्कीच.

तिसरी गोष्ट स्कॅन. पाच चॅनेल आहेत म्हणून पाचही स्कॅनला, म्हणजे आळीपाळीने ऐकायला, लावण्याचा मोह होतो. पहिला सूर जेमतेम एक सेकंदाचा. पेजर त्या सेकंदात शेजारच्या काऊंटीच्या गप्पा ऐकत थांबला असेल तर तुमची जोडी अर्धीच त्याच्या कानावर पडते आणि तो उघडत नाही. पेजर वर्दीच्या एकाच चॅनेलवर ठेवावा. बाकीचं ऐकायला गाडीतला सेट आहे.

चौथी गोष्ट चॅनेलची रुंदी. १ जानेवारी २०१३ पर्यंत व्हीएचएफ आणि यूएचएफवरच्या परवानाधारकांना २५ किलोहर्ट्झवरून १२.५ किलोहर्ट्झवर यायचं होतं. त्याबरोबर आवाजाचं डेव्हिएशन (बोलण्याबरोबर फ्रिक्वेन्सी किती हेलकावते ते) ५ वरून २.५ किलोहर्ट्झवर आलं, आणि कडेच्या भागांत पल्ला थोडा घटला. जुन्या फाईलवरून पेजर भरला आणि तो रुंद चॅनेलवर राहिला, तर आवाज बारीक येतो आणि लोक ‘स्पीकर गेला’ म्हणतात. सुरांची पातळीही तपासून घ्यावी. इथे एक साधी ओळख उपयोगी पडते. मॉनिटर बटण (सुरांची वाट न पाहता चॅनेल ऐकवणारं) दाबून डिस्पॅचरचा आवाज स्वच्छ येतो, तरी वर्दीला पेजर उघडत नाही, तर दोष सुरांच्या पातळीत किंवा जोडीच्या आकड्यांत आहे. पेजर उघडतो पण खरखरच ऐकू येते, तर दोष सिग्नलमध्ये. पहिल्या प्रकारात प्रोग्रॅमिंगची केबल लागते, दुसऱ्यात अँटेना. दोन्हींची गल्लत केली की महिनोन्‌महिने भलत्याच जागी डागडुजी चालते.

सिग्नल, शरीर आणि चार्जर

पेजरची अँटेना आत दडवलेली असते. १५४ मेगाहर्ट्झच्या लहरीची पाव लांबी जवळपास ४९ सेंटीमीटर. ती एवढ्याशा डबीत कशी मावणार? म्हणून पेजर हँडसेटपेक्षा बहिरा असतोच. त्यात तो पोटाला चिकटून बेल्टवर, वर स्वेटर, वर जाकीट. शरीर सिग्नल खातं. पत्र्याच्या शेडमध्ये, तळघरात किंवा ॲल्युमिनियमचं आवरण मारलेल्या घरात पेजर मुका राहिला तर नवल वाटू नये. बाहेर असताना तो जाकिटाच्या वरच्या खिशाजवळ लावला तरी फरक पडतो.

घरात याला चांगला उपाय आहे, आणि याच एका कारणासाठी साधा चार्जर न घेता ॲम्प्लिफायरवाला चार्जर घ्यावा असं ठामपणे सांगेन. त्यात आवाज मोठा होतो, बाहेरची अँटेना जोडायला बीएनसी सॉकेट असतं आणि रिले असतो. वर्दी आली की रिले दिवा किंवा भोंगा चालू करू शकतो. अँटेना विकतच आणायला हवी असं नाही. सुमारे ४६ सेंटीमीटरची ताठ तार बीएनसीच्या मधल्या पिनेला डाखून खिडकीत उभी केली, तरी दरीतल्या घरात वर्दी स्वच्छ येऊ लागते. तार उभीच हवी, कारण काऊंटीच्या टॉवरवरची अँटेनाही उभी असते. आडवी टाकली की निम्म्याहून जास्त फायदा वाया जातो. आणि ती फ्रिजच्या, एलईडी बल्बच्या स्वस्त ॲडॉप्टरच्या किंवा वायफाय राऊटरच्या शेजारी नको. हे ॲडॉप्टर व्हीएचएफवर जो गोंगाट करतात त्यात दूरचा सिग्नल बुडून जातो. खात्री करायची असेल तर मॉनिटर बटण दाबून ठेवा आणि घरातली एकेक वस्तू बंद करत जा. खरखर ज्या वस्तूबरोबर थांबेल तो चोर.

बॅटरीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. रोज रात्री चार्जरवर ठेवा, दिवस भरायच्या आत पेजर कुरकुर करू लागला की बॅटरी बदला. मात्र थरथरण्याच्या सेटिंगवरून परत आवाजावर आणायला विसरणं हा वर्दी हुकण्याचा फार मोठा रस्ता आहे. मिनिटरचं गोल बटण कोणत्या खुणेवर काय करतं हे प्रोग्रॅम करणाऱ्याच्या हातात असतं. दलातल्या सगळ्या पेजरांवर ते एकसारखंच ठेवा, म्हणजे अंधारात कोणाचाही पेजर हाती आला तरी बोटांना कळतं. रोजच्या ठरलेल्या वेळी होणारी सुरांची चाचणीही अशाच चुका पकडण्यासाठी असते. चाचणीला वाजला नाही तर त्याच संध्याकाळी शोध घ्या.

पेजर बोलत नाही. उत्तर कोण देणार?

पेजर हे नुसतं ऐकणारं यंत्र आहे. ऐकल्याची पोच तो देऊ शकत नाही, ही त्याची मुळातली मर्यादा. बंबात बसणारे तीनच आले की अकरा, हे डिस्पॅचला तेव्हाच कळतं जेव्हा बंबातून कोणी बोलतो. आणि इथे एक तिढा आहे जो नवीन अधिकाऱ्यांच्या लवकर लक्षात येत नाही. डोंगरावरचा ट्रान्समीटर दणदणीत असतो, त्यामुळे पेजर ४० किलोमीटरवरही वाजतो. उलट तुमच्या हातातला सेट ५ वॅटचा. ऐकू येतं म्हणजे आपलं बोलणंही पोचतं असं मुळीच नाही. बंबातला ५० वॅटचा सेट आणि छतावरची अँटेना या दोघांत पूल बांधते. म्हणून घटनास्थळावरून डिस्पॅचशी बोलायचं काम बंबाच्या सेटवरून करावं, हँडसेटवरून नाही.

काऊंटीने ही बाजू सुधारायची तर ट्रान्समीटरची ताकद वाढवून काही होत नाही. वेगवेगळ्या टेकड्यांवर नुसते ऐकणारे रिसीव्हर बसवायचे आणि त्यातला ज्याला सर्वांत स्वच्छ ऐकू येतं त्याचा आवाज निवडून पुढे पाठवणारं यंत्र लावायचं. त्याला व्होटिंग म्हणतात. ज्या काऊंटीत व्होटिंगचे रिसीव्हर नीट आहेत तिथल्या दलांचा वायरलेस चांगला, हे जवळजवळ ठोकताळ्याने सांगता येतं.

बोलायची पद्धतही पेजरइतकीच महत्त्वाची. आधी ऐका. बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला, कारण रिपीटर (आपलं बोलणं ऐकून पुन्हा ताकदीने पाठवणारं यंत्र) उघडायला क्षण लागतो आणि घाईत पहिला शब्द कापला जातो. कापला जाणारा पहिला शब्द बहुतेक वेळा ‘नाही’ किंवा गाडीचा नंबर असतो. ज्याला हाक मारायची त्याचं नाव आधी, आपलं नंतर. माईक तोंडासमोर तीन-चार सेंटीमीटरवर. फार जवळ धरला तर आवाज फाटतो. आकड्यांचे गुप्त कोड सोडून साधी भाषा वापरा. अनेक दलं एकत्र येतात त्या घटनांत साधी भाषा २००६ पासून राष्ट्रीय पद्धतीचा भागच आहे, आणि तसंही एका काऊंटीतला कोड शेजारी भलत्याच अर्थाने वापरतात.

शेजारची दलं आणि एकच फ्रिक्वेन्सी

मोठी आग एका गावाला पेलत नाही. शेजारच्या पाच-सात दलांचे बंब येतात, आणि खरी परीक्षा तेव्हा सुरू होते. एक काऊंटी व्हीएचएफवर, दुसरी यूएचएफवर, तिसरी ८०० मेगाहर्ट्झच्या डिजिटलवर. एका रस्त्यावर उभे असलेले दोन बंब एकमेकांशी वायरलेसवर बोलू शकत नाहीत, आणि मग निरोप पायी जातो.

याचं सर्वांत शहाणं उत्तर इलिनॉयच्या माबास या परस्पर मदतीच्या व्यवस्थेत दिसतं. १९६८ मध्ये शिकागोच्या उपनगरांतून ही सुरू झाली, आणि आता आसपासच्या राज्यांतही तिचे विभाग आहेत. तिचं तत्त्व सोपं: मदत मागायची वेळ आल्यावर विचार करायचा नाही, विचार आधीच कार्डावर लिहून ठेवायचा. कोणत्या भागात कोणत्या दर्जाच्या आगीला कोणाचा बंब, कोणाची शिडी, कोणाची रुग्णवाहिका जाईल आणि रिकाम्या झालेल्या केंद्रात कोण येऊन बसेल, हे सगळं कार्डावर ठरलेलं. अधिकाऱ्याने फक्त कार्ड आणि दर्जा सांगायचा. वायरलेसचंही तसंच. मदतीला निघालेले सगळे बंब १५४.२६५ मेगाहर्ट्झवर, ज्याला ते आयफर्न म्हणतात. आगीपाशी पोचले की रंगांची नावं असलेले चॅनेल: लाल १५३.८३०, पांढरा १५४.२८०, निळा १५४.२९५. धुराच्या गोंधळात माणसाला ‘लाल’ लक्षात राहतो, सहा अंकी आकडा नाही.

पण याच फ्रिक्वेन्सीत एक सापळा आहे. १५४.२६५ हाच परस्पर मदतीच्या चॅनेलच्या राष्ट्रीय यादीतला व्हीफायर२२ चॅनेल आहे. त्याच्यासोबत जाणारा न ऐकू येणारा सबटोन राष्ट्रीय यादीत १५६.७ हर्ट्झ आणि आयफर्नवर २१०.७. लांबून आलेल्या दलाने आपल्या सेटमध्ये व्हीफायर२२ भरताना ऐकण्याच्या बाजूलाही १५६.७ लावला, तर फ्रिक्वेन्सी तंतोतंत जुळूनही त्याचा सेट गप्प बसतो. समोरचा जिवाच्या आकांताने हाक मारत असतो आणि हा म्हणतो, चॅनेलवर कोणी नाही. उपाय फुकट आहे: परस्पर मदतीच्या सगळ्या चॅनेलवर पाठवताना सबटोन लावा, ऐकताना लावू नका. व्हीफायर२१ म्हणजे १५४.२८०, व्हीफायर२३ म्हणजे १५४.२९५. हे तिन्ही प्रत्येक व्हीएचएफ सेटमध्ये याच नावांनी भरलेले असावेत. ‘म्युच्युअल एड १’ असं घरगुती नाव दिलं की शेजारच्याच्या सेटवर ते नाव भलत्याच चॅनेलला असतं.

डिजिटलवर गेलेल्या दलांनीही प्रत्येक बंबात व्हीएचएफचा एक जुना ५० वॅटचा सेट ठेवावा. डिस्पॅचमध्ये दोन यंत्रणा जोडून देण्याची सोय असते, पण ती जोडायला माणूस मोकळा हवा, आणि नेमक्या त्याच वेळी तो सर्वांत जास्त गुंतलेला असतो.

आगीच्या घराच्या आत मात्र रिपीटरवर अवलंबून राहू नये. तळघरात अडकलेल्या माणसाचे ५ वॅट काँक्रीटमधून बाहेर येऊन २५ किलोमीटरवरच्या टेकडीपर्यंत पोचतील याचा भरवसा नाही. ते अंगणात उभ्या असलेल्या अधिकाऱ्यापर्यंत थेट पोचण्याची शक्यता कितीतरी जास्त. म्हणून आतली माणसं थेट, सेट ते सेट चॅनेलवर, आणि बाहेरच्या अधिकाऱ्याकडे दोन सेट: एक आतल्यांसाठी, दुसरा डिस्पॅचसाठी. ‘मेडे’ची, म्हणजे ‘माझा जीव धोक्यात आहे’ अशी, हाक आली की बाकी सगळे गप्प. हाक देणाऱ्याने जागा, युनिट, नाव, काम, हवा किती उरली आणि काय हवं, एवढं सांगायचं. या क्रमाचा सराव मास्क लावून आणि हातमोजे घालूनच करावा, कारण जाड हातमोज्यात बटण सापडणं हेच मोठं काम असतं. २००८ मध्ये फायर चीफ्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने एका अहवालात डिजिटल सेटबद्दल सावध केलं होतं: करवत, पंप किंवा अंगावरचा धोक्याचा भोंगा वाजत असेल तर आवाजाचं डिजिटल रूपांतर बिघडतं आणि बोलणं कळत नाही. तेव्हापासून सेट सुधारलेत, पण घरात शिरताना ॲनालॉग थेट चॅनेल वापरणारी दलं आजही चुकत नाहीत.

युनिकेशन कधी, ॲप कशासाठी

पी२५वर गेलेल्या काऊंटीत जी४ आणि जी५ हे चांगले पेजर आहेत. जी४ एका बँडचा. जी५ दोन बँडचा, त्यामुळे अर्धी काऊंटी व्हीएचएफवर आणि अर्धी ७००-८०० वर असली तरी चालतो. अनेक टॉवर एकाच वेळी तेच पाठवतात तिथे साधे स्कॅनर गडबडतात. हे पेजर मात्र नीट ऐकतात. किंमत मिनिटरपेक्षा बरीच जास्त.

घेण्याआधी काऊंटीच्या वायरलेस विभागाला एक प्रश्न जरूर विचारा: वर्दीचा टॉकग्रुप (डिजिटल यंत्रणेतला बोलण्याचा गट) तुमच्या टॉवरवर कायमचा लावलेला आहे का? ट्रंकिंग यंत्रणा, म्हणजे मोजके चॅनेल अनेक गटांना लागतील तसे वाटून देणारी यंत्रणा, एखादा टॉकग्रुप त्याच टॉवरवरून पाठवते जिथे कोणाचा तरी सेट त्या गटात हजेरी लावतो. पेजर पाठवू शकत नाही, म्हणून हजेरीही लावू शकत नाही. दुपारी केंद्रात कोणाचा सेट चालू असतो, तेव्हा पेजर व्यवस्थित वाजतो. रात्री सगळे सेट बंद झाले की त्या टॉवरवरून वर्दीच जात नाही, आणि दोष बिचाऱ्या पेजरवर येतो. यंत्रणेत तो गट सक्तीने लावून ठेवला की प्रश्न मिटतो. पण ते काम काऊंटीचं आहे, दुकानदाराचं नाही, म्हणून लेखी मागा.

ॲपचं बलस्थान नेमकं तिथे, जिथे पेजर मुका आहे. आयॲमरिस्पाँडिंग आणि ॲक्टिव्ह९११ सारखी ॲप्स कोण येतोय, कोण थेट घटनास्थळी जातोय, पत्ता नकाशावर कुठे, जवळचा हायड्रंट कुठला, हे दाखवतात. अधिकाऱ्याला पाच मिनिटांत कळतं की माणसं अपुरी आहेत, दुसऱ्या दलाला वर्दी द्या. एवढं पेजर कधीच करू शकणार नाही. पण ॲपचा निरोप मोबाईल कंपनीच्या गर्दीतून येतो, फोन बॅटरी वाचवायला ॲप झोपवतो, आणि दरीत नेटवर्क नसलेल्या घरात तो वर्दीनंतर कधीही पोचतो. ॲपचे पैसे पेजरच्या बजेटमधून काढू नका.

खरेदीचा हिशोब आता. मिनिटर ६ साधारण चारशे-पाचशे डॉलरच्या घरात पडतो, ॲम्प्लिफायरवाला चार्जर वेगळा. जुना घेणार असाल तर बॅटरीचा कप्पा उघडून पत्र्यावर हिरवट गंज आहे का बघा, मॉनिटर दाबून स्पीकर फाटका वाटतो का ऐका, आणि बँड बघून घ्या. यूएचएफचा पेजर व्हीएचएफच्या काऊंटीत कोणत्याही प्रोग्रॅमिंगने चालत नाही, आणि बाहेरून दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. फरक मागच्या लेबलवरच्या मॉडेल नंबरात असतो. स्वस्त हातसेट बोलण्यासाठी घ्यायचा विचार असेल तर त्याला एफसीसी या अमेरिकी दूरसंचार नियामकाच्या पार्ट ९० खालची मंजुरी आहे का ते पाहा. हौशी रेडिओचा सेट दलाच्या चॅनेलवर बोलायला वापरणं नियमात बसत नाही, आणि एका अडकलेल्या माईक-बटणाने अख्ख्या काऊंटीची वर्दी अडू शकते.

पेजर हातात आल्यावर पहिल्याच दिवशी तो दुकानाने भरलेल्या फाईलवर सोडू नका. काऊंटीकडून फ्रिक्वेन्सी, रुंदी, दोन्ही सूर आणि रांगेची सर्वांत लांब वेळ लेखी घ्या, फाईल त्याबरोबर ताडून पाहा, मग चाचणीच्या वेळी घराच्या तळघरात, शेडमध्ये आणि गाडीत, तिन्ही जागी तो वाजतो का ते बघा. जिथे वाजत नाही तिथे खिडकीतल्या तारेपासून सुरुवात करा.